टोपी-टॉवेलचं थोर अर्थशास्त्र

आमच्या मोताळा तालुक्यात एखाद्या वस्तूचा मान ठरवायची पद्धत फार सोपी आहे. वस्तू कामाची निघाली, की तिला कोपरा. बिनकामाची निघाली, की तिला ताट, ताटात कुंकू, कुंकवाशेजारी अक्षता आणि वरून माईक. हा नियम मी काढलेला नाही. मी फक्त रोहिणखेडात राहतो, डोळे उघडे ठेवतो आणि लग्नाला वेळेवर जातो. एवढ्या भांडवलावर कुणालाही तो सापडेल. पुरावा पाहिजे? टॉवेल घ्या.

कोणता टॉवेल, हे वऱ्हाडातल्या वाचकाला सांगायची गरज नाही. त्याच्या दिवाणात या घटकेला असे डझनभर पडलेले असतील. बाकीच्यांसाठी सांगतो. लग्न म्हटलं की सोयऱ्याधायऱ्यांना टोपी-टॉवेल आलाच. टॉवेल पांढरा म्हणायचा, असतो पिवळट. कडेला लाल नाहीतर निळी पट्टी. वीण अशी, की डोळ्यांसमोर धरला तर पलीकडचा माणूस ओळखू यावा. हात पुसायला घ्या, ओल जात नाही, फक्त जागा बदलते. टोपी सगळ्यांना एकाच मापाची. पाच वर्षांच्या पोराच्या ती नाकावर येते आणि मामाच्या डोक्यावर बसत नाही, नुसती टेकते. फोटो होईपर्यंत टेकली म्हणजे झालं. मग ती खिशात, खिशातून पिशवीत, पिशवीतून दिवाणात. दिवाण उघडतो तो पुढच्या लग्नाच्या आदल्या रात्री, तोच टॉवेल दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालण्यासाठी.

अर्थशास्त्रात ज्याला चलनवेग म्हणतात तो इतका निर्दोष दुसरीकडे पाहायला मिळणार नाही. वस्तू तयार होते, विकली जाते, दिली जाते, घेतली जाते, पुन्हा दिली जाते, आणि या सगळ्या प्रवासात तिला एकदाही कुणी वापरत नाही. नोटेवर निदान गव्हर्नरची सही असते. इथे मागच्या लग्नातला कुंकवाचा डाग असतो. आणि द्यायला कुणी विसरला, तर पहा! ‘इवायाले टोपी नाही भेटली’ एवढ्या एका वाक्यावर दोन घरांचं येणंजाणं बंद पडलेलं मी पाहिलं आहे. जी वस्तू मिळाल्यावर कुणी घरी नेऊन उलगडतसुद्धा नाही, ती न मिळाल्यावर माणूस जन्मभर विसरत नाही. याला तुम्ही काय म्हणाल? मी शास्त्र म्हणतो.

आणि हे कुठे चाललंय? कापसाच्या जिल्ह्यात. याच बुलडाणा जिल्ह्यातला कापूस ओढून न्यायला इंग्रजांनी जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनं आला. मँचेस्टरच्या गिरण्यांना आमच्या बोंडांची केवढी कदर! आज त्याच काळ्या मातीत कापूस वेचून नखं फाटलेला माणूस लग्नात मान खाली घालून उभा राहतो आणि त्याच्या गळ्यात निम्म्याहून अधिक पॉलिस्टर असलेला, थेंबभर पाणी न टिपणारा टॉवेल पडतो. तो हसतो. फोटो निघतो. लॉर्ड मेयोनं पाहिलं असतं तर रेल्वेफाटा गुंडाळून परत नेला असता.

आता त्याच माणसाच्या खांद्यावरचा शेला पाहा. जुना, मऊ पडलेला, घामानं रंग गेलेला. उन्हात तो डोक्याला, थंडीत कानाला. वावरात पाणी प्यायचं तर भांड्यावर गाळणी, बाभळीखाली आडवं व्हायचं तर अंथरूण, नातू झोपला तर झोळी, बाजारातून मेथी आणायची तर पिशवी. पाऊस उघडला की पिळून झटकला, पुन्हा खांद्यावर. या शेल्याला कधी ताटात बसलेलं पाहिलंत? उलट लग्नाला निघताना घरची बाई आधी त्याच्यावर डोळा ठेवते: ‘ते धडपं खांद्यावरून काढा आधी.’ नियम सिद्ध.

बायकांकडे हेच शास्त्र अधिक प्रगत अवस्थेत आहे. मलकापुरात काय, बुलडाण्यात काय, कुठल्याही साडीच्या दुकानात चढा. गादीवरचा माणूस किंमत विचारत नाही, रंग विचारत नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘नेसायची दाखवू की द्यायची?’ म्हणजे उभ्या महाराष्ट्राच्या वस्त्रोद्योगात एक अख्खी शाखा अशी आहे, जिचा माल कुणी नेसू नये अशीच अपेक्षा असते. द्यायच्या साडीचं पोत द्यायचं, रंग द्यायचे, आणि तिला लागणारा फॉलसुद्धा कुणी लावत नाही. ती घेणारीला कळतं, देणारीला कळतं, दुकानदार तर ऋषीच. तिघंही गंभीर चेहऱ्यानं तिचा पदर उलगडून पाहतात.

थॉर्स्टीन व्हेब्लेन नावाच्या अमेरिकन पंडितानं १८९९ मध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहिला. सार एवढंच, की माणसं पुष्कळ गोष्टी उपयोगासाठी घेत नाहीत, चार लोकांना दिसाव्यात म्हणून घेतात, आणि वस्तू जितकी वायफळ तितकी प्रतिष्ठा मोठी. मोठा शोध म्हणून जगानं डोक्यावर घेतला. बिचारा दूरच्या थंड मुलुखात वाढला. वैशाखात धामणगाव बढेच्या रस्त्यावर एक लग्न जेवला असता, तर ग्रंथ पोस्टकार्डावर आटपला असता.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर माईककडे येऊ. पत्रिकेत मुहूर्त छापलेला असतो अकरा पंचेचाळीसचा. पंचांग पाहून, पळं-घटका मोजून काढलेला. त्या मुहूर्ताला मांडवात काय चालू असतं? आगमन. ‘आत्ताच आपल्या सर्वांचे लाडके, कार्यसम्राट...’ हा कार्यसम्राट कुठल्या कार्याचा, हे विचारायचं नाही. तो आला की त्याचा सत्कार. त्याच्या मागे आलेल्या दोघांचा सत्कार. त्या दोघांना गाडीतून आणलेल्या ड्रायव्हरचं नाव निवेदकाला ठाऊक नाही, नाहीतर त्याचाही झाला असता. मग कार्यसम्राट दोन शब्द बोलतो, ते पंधरा मिनिटं पुरतात, आणि त्यात हमखास एक वाक्य असतं, की लग्नातला अनाठायी खर्च समाजानं टाळला पाहिजे. टाळ्या. शालीखालून घाम. नवरदेव उभा, नवरी उभी, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आलेले, म्हातारी माणसं पाण्यासाठी कासावीस. ग्रहताऱ्यांनी ठरवलेली वेळ एका भावी सदस्यानं खाऊन टाकलेली असते आणि एकालाही पत्रिकेची काळजी वाटत नाही. ज्या लोकांनी एक गुण कमी जुळला म्हणून स्थळं मोडली, तेच हे लोक.

या गदारोळात मांडवामागे पहाटेपासून चार बाया पोळ्या लाटत असतात. हजार माणसाचं वरण कढईत ढवळणारा एक बनियनवरचा माणूस असतो. त्यांच्या नावाचा पुकारा कधी ऐकलाय? मीही नाही. कामाची माणसं ना ती. नियमात बसत नाहीत.

कुणी म्हणेल, हा मानपान अलीकडचा, टीव्हीनं आणलेला. छे छे. निदान आमच्या गावाला तरी हे सांगू नका. रोहिणखेडला मानपानाचा इतिहास थेट १४३७ पासूनचा आहे, आणि तो फौजफाट्यासकट आहे. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशाह हा खानदेशच्या नसीरखान फारुकीचा जावई. जावयानं संगमेश्वरच्या राजाची मुलगी घरात आणली, पहिलीकडे पाठ फिरवली, आणि लेकीचं गाऱ्हाणं माहेरी पोचलं. सासरा चिडला. चिडलेला सासरा आजही येतो, पण जीपमधून चार माणसं घेऊन येतो. हा सैन्य घेऊन वऱ्हाडात उतरला. बहमनी सरदार खलफ हसन, ज्याला मलिक-उत्-तुज्जार म्हणजे व्यापाऱ्यांचा म्होरक्या असा किताब होता, त्यानं सासरेबुवांना गाठलं ते आमच्या रोहिणखेडला, घाटाच्या पायथ्याशी. हरवलं, आणि पार बऱ्हाणपुरापर्यंत मागे लागून ते शहर लुटलं. टोपी-टॉवेलवरून बोलणं बंद करणाऱ्या आमच्या सोयऱ्यांनी हा इतिहास वाचला पाहिजे. त्यांचं भांडण फार किरकोळ आहे.

पुढे १५९०-९१ च्या सुमारास पुन्हा तेच गाव, पुन्हा घरचंच भांडण. अहमदनगरच्या गादीवर पोरगेला इस्माईल निजामशाह, त्याच्या नावानं कारभार महदवी पंथाच्या जमालखानाचा, आणि गादी मागायला आलेला कोण? इस्माईलचा सख्खा बाप, बुऱ्हाण. अकबराच्या आश्रयाला राहून आलेला, खानदेशच्या राजा अलीखानाचं पाठबळ घेतलेला. रोहिणखेडला जमालखान पडला, पोरगा उतरला, बाप बसला. या बुऱ्हाणची बहीण म्हणजे चांदबिबी. आणि जमालखानाच्याच गोटातल्या खुदावंदखान महदवीनं त्याआधी, १५८२ मध्ये, गावात बांधलेली मशीद आजही आहे. लहान, देखणी, दगडातली.

एवढं असताना मोठ्या शहरातून आलेला पाहुणा अंगणात खुर्चीवर बसून विचारतो, ‘तुमच्या गावात बघण्यासारखं काही आहे का?’ आणि आमचाच माणूस आधी लाजतो, मग म्हणतो, ‘काही नाही हो इथे, तुम्ही लोणार पाहून या.’ लोणारलाही यांनी कधी विचारलं होतं? उल्का पडून काळ्या कातळात पावणेदोन किलोमीटर व्यासाचा खड्डा झाला, त्यात खारं पाणी साठलं, काठाला देवळं उभी राहिली. जगभरचे भूशास्त्रज्ञ येऊन दगड तपासून गेले. जिल्ह्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, आणि मग जो तो लोणारचा जाणकार! खारटपणा वाढला, खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी रंग धरला, हे नंतर प्रयोगशाळांनी सांगितलं. पण तोवर मोबाईलवर फोटो फिरून झाले होते, आणि कारण ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. उल्केनं पृथ्वीला भोक पाडलं ते पुरेसं नव्हतं. रंग लागला.

गाडगेबाबांचं नाव घेतल्याशिवाय वऱ्हाडातल्या माणसाचा लेख पुरा होत नाही, आणि मला ते इथे मुद्दाम घ्यायचं आहे. १८७६ मध्ये अमरावतीकडच्या शेंडगावात जन्मलेल्या या माणसानं अंगावर चिंध्या, एका हातात फुटकं गाडगं आणि दुसऱ्या हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडली. गावातल्या सर्वांत खिजगणतीत नसलेल्या दोन वस्तू त्यानं निवडल्या आणि दोन्ही वापरल्या. दिवसा झाडायचं, रात्री कीर्तनात झोडपायचं: कर्ज काढून लग्नं करू नका, बाबा. मग आपण काय केलं? विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. २००० च्या सुमाराला त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान निघालं, ते चांगलंच होतं, गावं खरोखर झाडली गेली. पण आता जयंतीच्या सकाळी कार्यक्रम कसा होतो पाहा. आधी सफाई कामगार जागा झाडून जातो. मग पाहुणे येतात. मग नवे कोरे खराटे वाटले जातात, एखाद्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच. झाडलेली जागा पुन्हा झाडायची, फोटोवाल्याकडे पाहत. मग ज्यानं कर्जाच्या लग्नाला आयुष्यभर शिव्या दिल्या त्याच्या तसबिरीसमोर पाहुण्यांना काय देतात? शाल. श्रीफळ. आणि टोपी-टॉवेल.

खराटा जोपर्यंत झाडतो तोपर्यंत त्याला कुणी विचारत नाही. न झाडता हातात धरला, की त्याचा फोटो पेपरात.

ज्वारीचंही तेच. आमच्या लहानपणी ज्वारीची भाकर म्हणजे गरिबी, आणि गव्हाची पोळी म्हणजे पाहुणे आले. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित वाण आलं, आणि मग तर ‘हायब्रीड’ म्हणजेच ज्वारी असं गावोगाव झालं. नाक मुरडून का होईना, तिनं पोटं भरली. माणसाला भाकर, ढोराला कडबा. एका पिकात दोन्ही घरं जगायची. इतकी कामाची, की तिची किंमत राहणं शक्यच नव्हतं. सोयाबीन आलं आणि ज्वारी बांधावरून उठून गेली. ती ताटातून गेली, वावरातून गेली, गुरांच्या दावणीतून गेली. आता तिचा काहीच उपयोग उरला नाही हे नक्की झालं, तेव्हा कुठे तिचे दिवस आले. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष जाहीर केलं, आपल्या अर्थसंकल्पात तिला श्री अन्न हे नाव मिळालं, आणि पुण्यातल्या मॉलमध्ये तिची बिस्किटं चांदीच्या कागदात बसली. आमच्याच गावचा एक पोरगा दिवाळीला येताना म्हाताऱ्या आजीसाठी ज्वारीचे कुकीज घेऊन आला. आजीनं एक खाल्ला. विचारलं, ‘याले ज्वारी कोठी लागली?’ पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, कुठे आणि किती. मैदा पहिल्या नंबरावर होता.

ज्वारी सोडून जे धरलं, त्याचं काय झालं तेही सांगतो. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव जाहीर झाला क्विंटलला ४,८९२ रुपये. आकडा देखणा, शेवटच्या दोन रुपयांसकट. त्या हंगामात बाजार समितीत पोती घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला विचारा, हातात किती पडले. ओल जास्त, दाणा बारीक, डाग आहे, बारदाना नाही, आज केंद्र बंद. हमीभाव हा सरकारनं शेतकऱ्याला दिलेला टोपी-टॉवेल आहे: समारंभानं द्यायचा, फोटो काढायचा, आणि घाम पुसायला तो उपयोगी पडेल अशी अपेक्षा ठेवायची नाही.

घरातही पाहा. पुढच्या खोलीत सोफा असतो. त्यावर आलेल्या दिवसाचं प्लास्टिक अजून तसंच. उन्हाळ्यात त्यावर बसलं की उठताना पँट आधी सुटते, मग माणूस. त्यावर घरचं कुणी बसत नाही; पाहुणा बसतो, तोही अवघडून, कारण शेजारी टीपॉयवर प्लास्टिकची फुलं आणि भिंतीवर सत्काराची ट्रॉफी त्याच्याकडे पाहत असतात. आणि मागच्या अंगणात निंबाखाली बाज. सैल झालेली, एका बाजूला झुकलेली. घरातला जन्म त्याच बाजेवर झाला, आजारपण त्यावर, मिरच्या वाळवायच्या त्यावर, रात्री हवा लागेना तर ओढून गच्चीवर. बिघडली तर कोपऱ्यातली सुतळी ताणली, की पुन्हा बाज. पाहुणा आला की मात्र पोरगं धावत जाऊन ती उभी करून भिंतीआड ठेवतं. लाज वाटते म्हणे. मी त्या पोराला विचारलं, तुला झोप कुठे लागते? तो म्हणाला, बाजेवर.

हौस करू नये का, असं काहीजण माझ्यावर डोळे वटारतात. करा की! वाजवा, नाचा, पुरणपोळ्या लाटा, वरण-बट्टीवर तुपाची धार सोडा. हौसेत आनंद असतो. टोपी-टॉवेल घेताना आनंदानं उडी मारलेला माणूस मला एकदा दाखवा, मी त्याला स्वतः टोपी घालीन.

शेवटी फ्लेक्सकडे येतो, कारण या सगळ्या गोतावळ्यात सुधारलेला एकच प्राणी आहे आणि तो फ्लेक्स. गावच्या फाट्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो. वर देवतुल्य नेते, खाली उजवीकडे हात जोडलेला वाढदिवसवाला, आणि त्याच्याभोवती अंगठ्याएवढे शुभेच्छुक, प्रत्येकाच्या डोळ्यांवर गॉगल. नावापुढे ‘भावी जिल्हा परिषद सदस्य’. २०२२ च्या मार्चमध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या, प्रशासक बसले, आणि निवडणुका वर्षानुवर्षं पुढे जात राहिल्या. त्या काळात आमच्याकडचे ‘भावी’ इतके दिवस भावीच राहिले, की काहींचे केस पिकले आणि फ्लेक्सवर मात्र जुनाच फोटो. तोवर तो फ्लेक्स निव्वळ डोक्यावर घेतलेला, निव्वळ निरुपयोगी, म्हणून अतिशय मानाचा.

मग येतो ऑक्टोबर. सोयाबीन सोंगलेलं, सुडी लागलेली, आणि आभाळ काळं. ताडपत्री घ्यायला पैसे नाहीत. रात्री कुणीतरी फाट्यावर जातं, दोऱ्या कापतं आणि सकाळी सुडीवर साहेब पालथे पडलेले असतात. वर पाऊस धो धो, खाली दाणा कोरडा. साहेबांच्या हातून झालेलं हे पहिलं लोकोपयोगी काम, आणि ते त्यांना ठाऊकसुद्धा नाही. गोठ्याच्या कुडाला एक शुभेच्छुक, कुटाराच्या ढिगावर एक कार्यसम्राट, कोंबड्यांच्या खुराड्यावर अर्धे देवतुल्य नेते. यातल्या एकालाही कुणी शाल देत नाही, हे ओघानं आलंच.

तेव्हा येत्या हंगामाआधी तालुक्यातल्या तमाम भावी मंडळींना विनंती आहे. छपाई करताना कापड जाड निवडा, पातळ फ्लेक्सला पहिल्याच वाऱ्यात भोकं पडतात. लोखंडी कड्या चारी बाजूंनी मारून घ्या, कोपऱ्यातल्या चारच मारून पैसे वाचवू नका. माप वीस बाय दहापेक्षा कमी नको. एकरभराची सुडी झाकली पाहिजे. आणि वाढदिवस सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणता आला तर पाहा.